दोरी टाकणारे शाणू मेस्त

शाणू मेस्त वारले, त्यानंतर मृत्यूनोंदणीच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात कोणीतरी कन्नडमध्ये ‘कूली’ असे लिहिले. कूली म्हणजे मजूर; मेस्त म्हणजे घरे बांधणारा मिस्त्री. अर्जाची प्रत माझ्या हाती आली, तेव्हा मी त्याच दिवशी आक्षेपाचे पत्र पाठवले. उत्तर आले नाही. दुसरे पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवले. त्याची पोचपावती आली, उत्तर नाही. तिसऱ्या पत्रात मी एवढेच विचारले की, रामनगरपासून गुंदपर्यंतच्या पट्ट्यातली निम्मी घरे ज्या माणसाने उभी केली, त्याला मजूर ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या नियमान्वये प्राप्त झाला. या वेळी उत्तर आले: ‘उपलब्ध यादीत योग्य पर्याय आढळला नाही.’ हे उत्तर मी जपून ठेवले आहे. ते उद्धट आहे, परंतु असत्य नाही. शाणू मेस्त काय होते, हे कोणत्याही यादीत बसत नव्हते.

मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. निवृत्तीनंतर रामनगरला घर बांधायचे ठरवले, तेव्हा त्यांची माझी पहिली भेट झाली. मी बेळगावहून आराखडा काढून आणला होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून आदराने पाहिला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “झ्याक हाय. सोमवारी दोरी टाकू. तुमी आणि बाईसाब जेवणाची भांडी घेऊन या.”

दोरी टाकणे ही त्यांची पद्धत होती. मोकळ्या जागेवर बांबूच्या खुंट्या ठोकायच्या, काथ्याची दोरी ताणून भिंती दाखवायच्या, दारांच्या जागी दोरी तोडायची. आणि मग पाया खणण्यापूर्वी घरच्या सर्वांनी एक अख्खा दिवस त्या दोरीच्या घरात राहायचे. स्वयंपाकघराच्या जागी तीन दगडांवर भात शिजवायचा, निजायच्या जागी चटई टाकून दुपारी आडवे व्हायचे. ते स्वतः बाहेर फणसाखाली बसून नुसते पाहत असत. कोणी घाईने दोरी ओलांडली की तिथूनच ओरडत, “भिंतीतनं कुटं चाललाय? दार हाय न्हवं?”

मला हा प्रकार पोरकट वाटला होता. माझ्या लेखनाच्या खोलीत, म्हणजे चार खुंट्यांच्या मध्ये, मी खुर्ची टाकून पत्रे लिहीत बसलो. संध्याकाळी त्यांनी मागची खुंटी उपटली आणि दीड हात मागे ठोकली. मी कारण विचारले.

“तुमी लिवता लिवता रागानं उटता, शिरस्तेदार. तवा खुर्ची मागं जाती. आज तीन डाव भिंतीवर आदळली असती.”

माझी पत्नी पदराआड हसली. भिंत दीड हात मागे गेली. त्यांचा हिशेब चूक होता असे मी आजपर्यंत कधीही म्हणू शकलेलो नाही.

ते मूळचे जुन्या सुप्याचे. धरण झाले, गाव पाण्याखाली गेले आणि ते तरुणपणी इकडे आले. बुडालेल्या गावातले एकेक घर त्यांना आठवत असे, मात्र ते घराच्या लांबीरुंदीवरून नव्हे. ‘तिची सासू दारात बसायची त्या डाव्या अंगाला’, ‘तो पोरगा ज्या खिडकीत अभ्यास करायचा ती’ असे ते सांगत. लिहिता-वाचता त्यांना जेमतेम येत असे. ओट्याची उंची ते गृहिणीच्या कोपरावरून घेत आणि जोत्याची पातळी पाण्याच्या नळीने पाहत. ग्राहकाशी वाद ते कधीही घालत नसत. इथल्या एका व्यापाऱ्याने छापील नकाशाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी नकाशाप्रमाणे तंतोतंत दोरी टाकून दिली. दुपारपर्यंत व्यापाऱ्याची आई स्वयंपाकघरातून चार वेळा दोरी ओलांडून बाहेर आली.

“आये, भिंत हाय ती,” व्यापारी वैतागून म्हणाला.

“भिंत आसंल तुझ्या कागदावर,” म्हातारी म्हणाली. “रस्त्यावर कोण आलं कळंना मला. मी काय आंधळ्या कोठीत भाकरी थापू?”

व्यापाऱ्याने स्वतःच खुंटी उपटली. मेस्त फणसाखाली पान खात होते. त्यांनी वर पाहिलेसुद्धा नाही.

अशा माणसाला कोणतीही धास्ती असेल असे मला वाटले नव्हते. परंतु मी एक गोष्ट पाहत आलो होतो. गेली सात वर्षे त्यांनी उतारावर एकही दोरी टाकली नव्हती. उताराची जागा असेल तर हात जोडून ‘गुडघे दुखत्यात’ म्हणायचे. हे निमित्त आहे हे मला कळत होते, कारण त्याच गुडघ्यांनी ते माझ्या कौलांवर चढत असत.

त्यांची नात अक्षता बारावी झाली, त्या उन्हाळ्यात त्यामागचे कारण कळले.

अक्षता हुशार. प्रवेशपरीक्षेत तिला चांगला क्रमांक मिळाला होता आणि आर्किटेक्चरसाठीची वेगळी परीक्षाही तिने हुबळीला जाऊन दिली होती. आता प्रश्न उरला होता तो पसंतीच्या यादीचा. संगणकावर महाविद्यालये आणि शाखा एकाखाली एक लिहायच्या. वरून खाली येताना जी पहिली जागा आपल्या क्रमांकाला मिळेल ती आपली आणि तिच्याखालचे सर्व रद्द. म्हणजे सिव्हिल इंजिनिअरिंग वर लिहिले तर ते निश्चित मिळणार होते आणि आर्किटेक्चरचा विषय तिथेच संपणार होता. आर्किटेक्चर वर लिहिले आणि ते मिळाले तर इंजिनिअरिंग हातचे जाणार होते. मुदत शनिवारी दुपारी चारची. सूचनापुस्तिका मी तीन वेळा वाचली. तिच्यातल्या दोन कलमांत परस्परविरोध होता, त्याबद्दल मी पत्रही लिहिले, ते असो.

तिचे वडील गोव्यात टिपर चालवतात. त्यांचे मत फोनवरून आले: “घरं बांदायला शिकायला कॉलेज कशाला? अज्जा घरातच हाय. इंजिनेर हो. साईटवर गाडीतनं उतरणारा इंजिनेरच आसतोय, मी रोज बगतोय.”

माझेही मत तेच होते, निराळ्या कारणासाठी. तालुक्यातल्या एका कार्यालयाने मेस्तांनी बांधलेले एक घर कागदावर नाकारले होते, कारण नकाशावर इंजिनिअरची सही नव्हती. घर उत्तम होते. मी सहा पत्रे लिहिली आणि हरलो. त्या घराण्यात एक तरी सही अशी असावी की जी कोणाला नाकारता येणार नाही, असे मला मनापासून वाटत होते. मी अक्षताला तीन पानांचे लेखी मत दिले. तिने ते शांतपणे वाचले.

“आजोबा, सगळं पटतंय,” ती म्हणाली. मला ती आजोबा म्हणते, मेस्तांना अज्जा. “पण पेपरात बीम आला की मी गणित सोडवते, आणि खोली आली की मला तिच्यात माणसं दिसतात. आता कुठलं वर लिहू?”

मेस्त काय सांगतात याकडे सर्वांचे लक्ष होते. ते काहीच सांगत नव्हते. सकाळ-संध्याकाळ माझ्या फाटकाशी येऊन उभे राहत. अंगठ्याने तळहात चोळत राहत आणि विचारत, “काय लिवलं पोरीनं?” नाही म्हटले की परत जात. बुधवारी ते चार वेळा आले. चौथ्या वेळी मी चिडून म्हणालो, “मेस्त, तुमच्या मनात काय आहे ते एकदा स्पष्ट सांगा.”

ते पायरीवर बसले. “इंजिनेर व्हावं तिनं. पण माजं ऐकून न्हवं.” आणि मग उठता उठता, “तिला दोन्ही घरांत एकेक दिस ऱ्हाऊन बगू दे.”

गुरुवारी त्यांनी कुळगीकडच्या एका जोडप्याच्या जागेवर अक्षताला दोरी टाकायला लावली. स्वतः लांब बसले. घर छान झाले असे तिने संध्याकाळी येऊन सांगितले, परंतु फार बोलली नाही. शुक्रवारी ते तिला गुंदला घेऊन निघाले आणि मलाही म्हणाले, “तुमी या. साक्षीदार पायजे.” साक्षीदार हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला असावा. बसमध्ये ते सबंध वेळ खिडकीबाहेर पाहत होते आणि त्यांचा अंगठा तळहातावर फिरत होता.

गुंदला जानकी नावाच्या बाईचे घर होते. दहा वर्षांपूर्वी मेस्तांनी ते बांधले होते. तिला भात झोडायला मोठे खळे हवे होते, म्हणून त्यांनी मागची टेकडी कापून जागा सपाट केली. तिसऱ्या पावसाळ्यात, भर दुपारी, कापलेली दरड खाली आली. स्वयंपाकघराची भिंत गेली आणि तिचा नवरा पायावरून अधू झाला. आता ते त्याच जागी, थोडे पुढे सरकून, साध्या घरात राहतात. हे सर्व मला तिथे उभे राहिल्यावर समजले. मेस्तांनी नातीला फक्त एवढेच सांगितले: “हितं घर पडलं. का पडलं ते सांग.”

अक्षता दरडीपाशी गेली. बोटांनी माती उकरली, ओली चिखलगोळी हातात दाबून पाहिली, वर चढून आली, खाली उतरली. मग जानकीकडे वळली.

“अक्का, पडायच्या आदल्या दिवशी तुला काय दिसलं होतं?”

“काय दिसणार? पाऊस.” जानकी भांडी घासत होती. हात थांबवून ती जरा विचारात पडली. “मागच्या दरडीतनं पानी भायर येत हुतं बग. बारीक धार. तांबडं. मला बरं वाटलं, म्हटलं पानी दाराशी आलं. दोन दिस त्याच पान्यानं भांडी घासली मी.”

अक्षताने दरडीच्या माथ्याकडे पाहिले. मग मेस्तांकडे न पाहता बोलली.

“अज्जा, दरडीच्या आत पाणी भरत होतं. वर चर काढून ते बाजूला न्यायला पाहिजे होतं. तुम्ही काढला न्हाई.”

“न्हाई काढला,” मेस्त म्हणाले.

“ए पोरी,” जानकी उठून उभी राहिली, “आज्याला असं बोलत्यात? डोंगर देवाचा. देवानं ढकलला.”

“बोलू दे तिला, जानके,” मेस्त म्हणाले. त्यांचा आवाज विचित्र शांत होता. “तुमी सगळी देवाचं नाव घेत बसलासा. मला कोनी तरी सांगाया पायजे हुतं.”

हे घडेपर्यंत अकरा वाजले होते. परतीची बस चारची होती. मधला वेळ मी ओसरीवर बसून काढला. मेस्त आंब्याखाली बसले, जसे ते नेहमी बसत. अक्षता काय करत होती याकडे मी लक्ष दिले नाही. त्यांनी दिले, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

बसमध्ये ती एकदम म्हणाली, “मी सिव्हिल वर लिहिते.” मला आनंद झाला, माझे तीन पानांचे मत अखेर उपयोगी पडले असे वाटले.

शनिवारी दुपारी दोन वाजता ती माझ्या घरी संगणकापुढे बसली. तिच्या घरी नेटवर्क येत नाही आणि माझ्याकडेही ते मर्जीने येते. यादी लिहून झाली होती, सिव्हिल सर्वांत वर. शेवटचे बटण दाबले की बदल नाही. पडद्यावर एक गोल फिरत होता आणि पान उघडत नव्हते. तीन वाजून गेले. अक्षताने पदवी मिळाल्यासारखा चेहरा करायचा प्रयत्न केला, पण तिचे हात मांडीखाली दाबलेले होते. तेवढ्यात मेस्त आत आले. चपला काढायला विसरले, जे त्यांनी आयुष्यात कधी केले नव्हते.

“काय लिवलंस?”

“सिव्हिल, अज्जा.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? काल बघितलं न्हवं? परत कुणाची भिंत पडू नये म्हणून.”

“जानकीची भिंत मी पाडली. तू न्हाई पाडलीस.” ते खुर्चीची कड धरून उभे होते. “ते फेडाया तू कशाला जातीस?”

“फेडायला न्हाई…”

“ऐक. दरड तुला अर्ध्या तासात कळली. मग बस येईस्तवर काय केलंस? मी बगत हुतो. पुन्ना एकदा तरी दरडीकडं गेलीस?”

ती पडद्यावरच्या फिरत्या गोलाकडे पाहू लागली.

“जानकीच्या चुलीपाशी बसलीस. तिचा नवरा न्हाणीला जाताना दोन पायऱ्या चढतोय, काठी घसरती, ते बगितलंस. पायऱ्या काडून तिथं उतरण कशी करायची ते राखेत काडून दावलंस. त्याला दोन डाव चालाया लावलंस. शेवटी त्यो तुज्यावर खेकसला, ‘बाई, मला मुताया तरी जाऊ दे.’ ” त्यांना हसू आले आणि लगेच गेले. “मला वाटायचं, इंजिनेर झालीस तर माजी चूक पुसंल. काल तू सांगितलंस, पुसली. आता तुला जे दिसतंय ते लिव. डोंगरातलं पानी तू आता कुटंबी गेलीस तरी इसरायची न्हाईस.”

मला राग आला, हे मान्य करायला हवे. माझी सहा पत्रांची खटपट, सहीचा मुद्दा, तीन पानांचे मत, हे सर्व हा माणूस मुदतीच्या अखेरच्या तासात बाजूला सारत होता. मी बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात अक्षताच्या वडिलांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर ठेवला आणि सांगून टाकले की ती आर्किटेक्चर वर घेते आहे.

“चित्रं काडाया पाच वर्सं?” पलीकडून टिपरच्या इंजिनाचा आवाज येत होता. “मी सांगतोय ते लिव. न्हाईतर मी सही देनार न्हाई.”

आणि मी, ज्याचे मत अक्षरशः तेच होते, फोन हातात घेतला.

“सुरेश, मुलगी सज्ञान आहे,” मी म्हणालो. “नियम सातचा पोटनियम दोन पाहा. पालकाच्या सहीची आवश्यकता अठरा वर्षांखालील अर्जदाराला आहे. तुम्ही सही द्या अथवा न द्या, कायद्याने तिचे काही अडत नाही. घरात वडील म्हणून जे बोलायचे ते रविवारी येऊन बोला.”

फोन बंद झाला. मेस्त माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी त्यांच्या दोरीच्या आत उभा होतो.

“त्ये सात-दोन खरंच हाय?” त्यांनी हळूच विचारले.

“तंतोतंत आहे,” मी म्हणालो.

अक्षताने दोन ओळी वरखाली केल्या. गोल फिरत राहिला. तीन एकोणचाळीस. माझ्या पत्नीने देवापुढे काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. मी तिला गप्प केले नाही. तीन त्रेचाळीसला पान उघडले. अक्षताने बटण दाबले. चपला पायातच होत्या म्हणून मेस्त तसेच बाहेर गेले.

निकाल लागेपर्यंतचे आठवडे कोणालाच सोपे गेले नाहीत. सुरेश रविवारी आला नाही. अक्षता दिवसातून दहा वेळा मोबाईल घेऊन माझ्या अंगणातल्या एका विशिष्ट कोपऱ्यात उभी राहायची. हुबळीच्या महाविद्यालयात आर्किटेक्चरची जागा मिळाली, तेव्हा ती आनंदाने ओरडली नाही; तिने मला विचारले, “आता चूक झाली असली तर?” अशा प्रश्नावर अपील नसते.

ती हुबळीला निघाली त्या सकाळी बसपाशी तिची आई होती, सुरेशही गोव्याहून आला होता, मी होतो. मेस्त नव्हते. अक्षता खिडकीतून रस्त्याकडे पाहत राहिली. बस गेली. मला संताप अनावर झाला. एवढ्या धामधुमीनंतर, ज्याच्या शब्दावर मुलीने आयुष्य पालटले, तो माणूस निरोपाला येत नाही, याचा अर्थ काय? चौकात चौकशी केली. कोणीतरी म्हणाले, मेस्त पहाटेच गुंदच्या जीपमध्ये बसताना दिसले. मी पुढची जीप धरली. काय बोलायचे ते रस्त्यात मनात लिहून ठेवले, मुद्देसूद.

पाऊस बारीक पडत होता. जानकीच्या घरामागे, दरडीच्या वर, मेस्त गुडघाभर खड्ड्यात उभे होते. कुदळीने चर खणत होते. निम्मी टेकडी त्यांनी ओलांडली होती. म्हणजे हे काम एका दिवसाचे नव्हते. खाली ओसरीवर जानकीचा नवरा काठी उंचावून सूचना देत होता, “डावीकडं, डावीकडं! पानी तिकडनं येतंय म्हटलं न्हवं?” जानकी छत्री घेऊन मेस्तांच्या मागे मागे फिरत होती आणि एकसारखी बोलत होती.

“म्हाताऱ्या, मरशील हितं. मग तुजं मडं कोन खाली न्हेनार? माजा नवरा लंगडा, मी बाईमानूस.”

“छत्री वर धर. मला दिसंना,” मेस्त म्हणाले. मग मला पाहिले. कुदळ थांबली.

“गेली बस?”

“गेली,” मी म्हणालो.

“रडली?”

“नाही.”

“बरं झालं.” त्यांनी तोंडावरचे पाणी हाताने पुसले. “मी रडलो असतो. म्हनून आलो न्हाई.”

मनात लिहिलेले मुद्दे मी तसेच ठेवले. जीप वळणावर थांबली होती. चालक हॉर्न वाजवत होता. मी निघालो. वळणावरून मागे पाहिले, तेव्हा चराचे तोंड उघडले गेले होते आणि तांबडे पाणी त्यात वळत होते. मेस्त ओणवे होऊन पाण्याबरोबर चालले होते, वाटेतली पाने हाताने बाजूला करत, आणि जानकी छत्री घेऊन त्यांच्या मागोमाग.